दिवसपाळीचा नवरा

लॉन्ड्रीतल्या बायकांनी तिचं नाव बचतबाई ठेवलं होतं, आणि ते पाठीमागे नाही, तिच्या तोंडावरच घ्यायच्या. तिला राग यायचा नाही. कुणी नवी बाई कामाला लागली आणि बिचकत बिचकत "ताई" म्हणाली, तर हीच तिला सांगायची, "बचतबाई म्हण गं, सगळ्या तेच म्हणतात." शहरातल्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे तिथे टेम्पो भरभरून यायचे. तापलेल्या रोलरमधून चादर बाहेर आली की ती दोघींनी दोन टोकांना पकडायची आणि गार व्हायच्या आत घडी घालायची, हे तिचं काम. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला काकी. काकी तशी कुणाचीच काकी नव्हती, वयानं थोरली आणि जिभेची तिखट होती, एवढंच.

ज्या चादरीचा डाग निघत नाही किंवा जी मध्येच विरते, ती हॉटेलवाले बाद करतात. बाद चादर बायकांनी घरी न्यायला मुकादमाची ना नव्हती. बाकीच्या बायका फरशी पुसायला एखादी न्यायच्या. बचतबाईनं मात्र सगळा संसारच त्या चादरींवर उभा केला. पडदे त्याचे, टेबलावरचं कापड त्याचं, पोरीच्या फ्रॉकची अस्तरं त्याची. सगळ्यांच्या कोपऱ्यात हॉटेलाचा शिक्का. नवऱ्याचा पायजमा शिवताना कापड नेमकं असं बसलं की एका मोठ्या हॉटेलचं नाव त्याच्या बैठकीवर आलं. त्यानं एकदा मागे वळून ते आरशात पाहिलं आणि काही न बोलता पायजमा घातला. दुसरा नव्हताच, तर करतो काय बिचारा.

हे सगळं कशापायी, तर घरापायी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि उभं राहून चहा पिता येईल एवढी गॅलरी. कर्ज वीस वर्षांचं. बँकेतल्या माणसानं हिशेबाचा कागद पुढे सरकवला आणि वीस वर्षांचं व्याज जवळजवळ घराच्या किमतीएवढं होतंय हे दिसलं, तेव्हा बचतबाईनं तो कागद घडी करून पिशवीत टाकला. बाहेर पडल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "एकाच घराचे पैसे दोनदा द्यायला आपण काय वेडे आहोत का? निम्म्या वेळात फेडू." नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. तो म्हणाला, "रात्रपाळीला भत्ता असतो." झालं. तिथे फुटपाथवर उभ्या उभ्या पुढच्या सगळ्या वर्षांचा निकाल लागला.

आता पोटाला चिमटा काढणं म्हणजे काय ते ज्यानं काढलाय त्यालाच कळतं. साबणाच्या झिजलेल्या वड्या ओल्या करून एकमेकींना चिकटवायच्या. टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं उभी चिरायची. पाव घ्यायचा तो कालचा, कारण तो स्वस्त मिळतो आणि भाजला की कुणाला कळत नाही. घरात बिछाना एकच धड होता, आणि त्यावर दिवसा तो झोपायचा, रात्री ती. फोनही एकच, आणि तो घरी, पोरीजवळ. पोर एकटी असते ना मधले दोन तास, म्हणून.

त्या मधल्या तासांचं नीट सांगायला हवं, कारण सगळं महाभारत तिथेच घडलं. बचतबाई पहाटे निघायची. तो त्यानंतर डेपोतून यायचा आणि झोपायचा. दुपारी पोर शाळेतून यायची तेव्हा तो उठायचा, खायचा, संध्याकाळ व्हायच्या आत डबा घेऊन डेपोला. तो गेला की ही यायची. रविवारी हिला सुट्टी, पण रविवारी डेपोत दुप्पट पगार, तो कोण सोडणार? नवरा-बायको एका छपराखाली राहत होते आणि एकमेकांच्या दृष्टीला पडत नव्हते. कधीमधी पडलेच, तर दोघांतलं एक झोपेनं आंधळं झालेलं असायचं.

आणि या दोघांच्या मध्ये होती टिल्ली. हे तिचं लाडाचं नाव. पुढे उंचीनं आईच्या वर गेली तरी टिल्लीच. कर्ज घेतलं तेव्हा दुसरीत होती, दोन वेण्यांची, गंभीर चेहऱ्याची. आईबापांची सगळी बोलणी तिच्यामार्फत चालायची. "बाबांना म्हणावं...", "आईला सांग..." असं म्हणून दोघंही आपापल्या वाटेनं निघून जायची. टिल्ली मान हलवायची.

बचतबाई दमून भागून आली की दार उघडतानाच विचारायची, "काय गं, काय म्हणाले बाबा?" टिल्ली सांगायची. आणि काय सांगायची म्हणता! बाबा म्हणाले, भाजी फार छान झाली होती. बाबा म्हणाले, थंडी आहे, स्वेटर घालूनच बाहेर पड. एकदा बचतबाईचा तळवा रोलरवर भाजला. दुसऱ्या दिवशी टिल्ली म्हणाली, "बाबा म्हणाले, आईच्या हाताला पाणी लागायला नको. जायच्या आधी भांडी मीच घासून ठेवत जाईन." आणि खरंच, त्या दिवसापासून ती घरी आली की भांडी लख्ख घासून पालथी घातलेली असायची. हात बरा झाला तरी तो नेम मोडला नाही. वर्षानुवर्षं.

बाईमाणसाला आणखी काय हवं असतं हो? लग्नाच्या सुरुवातीला हा नवरा तिला जरा तुटक वाटला होता. चार शब्द विचारावे तेव्हा एक बोलायचा. आणि आता बघा. तिला वाटायचं, समोर बोलायला लाजतो, पण पोरीजवळ मन मोकळं करतो. लॉन्ड्रीत चादरीची घडी घालता घालता ती काकीला सांगायची, "काल आमचे हे काय म्हणाले माहितीये का?" दोन टोकं जुळवायला दोघी जवळ यायच्या तेवढ्यात एक वाक्य, परत लांब जाऊन आल्या की दुसरं. काकी ऐकायची. एकदा म्हणाली, "तुझा नवरा लाखात एक गं बाई. माझा जिवंत होता तोवर मीठ आण म्हटलं तरी गुरगुरायचा." बचतबाईला त्या दिवशी घरी जाताना बसचे पैसे वाचवून चालत जायचे कष्टच वाटले नाहीत. कर्ज एकदा फिटू दे, ती मनाशी म्हणायची, मग या माणसाबरोबर रोज संध्याकाळी गॅलरीत बसायचं. तिला घर हवं होतंच, पण खरं सांगायचं तर त्या वर्षांत तिला घरापेक्षा तो नवरा जास्त हवासा झाला होता.

आणि फिटलं की हो कर्ज. ठरवल्याप्रमाणे निम्म्या वेळात. बँकेनं कागद दिले, त्यानं दिवसपाळी मागून घेतली, आणि पहिल्याच संध्याकाळी तो आणि ती दोघंही जागेपणी, एकाच वेळी, एकाच घरात होते.

पहिल्या रात्री गंमतच झाली. झोपायला गेले तर दोघंही बिछान्याच्या डाव्या बाजूला. "तुम्ही उजवीकडे झोपता ना?" ती म्हणाली. "मी कधी? मला वाटलं, तू उजवीकडे झोपतेस, म्हणून मी तिकडे जात नव्हतो." इतकी वर्षं दोघांनी गादीची एकच बाजू झिजवली होती आणि दुसरी कोरी करकरीत पडून होती. ती हसली. तोही हसला. मग तो म्हणाला, "झोप तू तिकडे," आणि पाठ करून घोरायला लागला. ती कोऱ्या बाजूला टक्क जागी. तिला वाटलं होतं, आज तरी काही बोलेल.

दुसऱ्या दिवशी बोलेल, तिसऱ्या दिवशी बोलेल, असं करत आठवडे गेले. तो बोलायचाच नाही. यायचा, हातपाय धुवायचा, भिंतीकडे बघत बसायचा. ती गॅलरीत जाऊन बसली तर हा आत. भाजीला छान म्हणणं सोडा, ताटात बघायचाही नाही. आणि जेवण झालं की उठून जायचा. भांडी तशीच. पहिले काही दिवस तिनं वाट पाहिली. एवढी वर्षं न सांगता घासणारा माणूस, दमला असेल नव्या पाळीनं, घासेल उद्या. तो काही घासेना. मग ती घासायला लागली, जरा जास्तच आवाज करत. टिल्ली धावत यायची, "दे, मी करते," म्हणायची, तर ही तिला हाकलायची, "तू अभ्यास कर. ज्यांचं काम आहे त्यांना कळू दे." टिल्ली तिथेच ओट्याला टेकून उभी राहायची आणि नखं खायची. नखं खायची तिची सवय नव्हती.

त्याच्याही मनात काहीतरी सलत होतं, ते तिला दिसत होतं. तिच्याकडे तो अशा नजरेनं बघायचा, जणू दुकानातून चुकीचा माल घरी आला आहे आणि परत करायची मुदत टळली आहे. एकदा तिनं सरळ विचारलं, "अहो, काही चुकलं का माझं?" तर म्हणाला, "कुठे काय." संपलं संभाषण.

"काय म्हणतायत गं तुझे हे?" काकी रोज विचारायची. पहिल्या दिवशी बचतबाईनं खोटंच काहीतरी रचून सांगितलं. मग रोज रोज रचता येईना. तेव्हा काकी चादरीचं टोक तिच्या हातात देत म्हणाली, "नवरा घरात असला की असंच असतं. माझाही गेल्यावरच मला आवडायला लागला." बचतबाईला हसू आलं नाही. तिला भीती वाटली. जो माणूस मिळावा म्हणून एवढी वर्षं रक्ताचं पाणी केलं, तो घरात आलाच नाही, दुसराच कुणीतरी त्याचे कपडे घालून आला, असं काहीतरी तिला वाटायला लागलं. आणि हे बोलणार कुणाजवळ? लोक म्हणतील, कर्ज फिटलं, नवरा दारू पीत नाही, मारत नाही, आता बाईला आणखी काय दुखतंय?

हळूहळू दोघं परत जुन्या वळणावर गेली. एकाच टेबलाशी बसून. "टिल्ली, बाबांना विचार, आणखी भात हवाय का." "टिल्ली, आईला म्हणावं, पुरे." मध्ये हातभराचं अंतर, आणि निरोप पोरीच्या हाती. टिल्ली निरोप द्यायची, पण आता तिला त्यात काही करायला वाव नव्हता. दोघांनीही मूळ शब्द ऐकलेले असायचे.

असंच एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "टिल्ली, आईला सांग, पुढच्या महिन्यापासून मी परत रात्रपाळी मागून घेतलीय."

बचतबाईचा घास हातात राहिला. आणि खरी गोष्ट अशी की पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. बरं झालं, जातोय, असं अगदी स्वच्छ वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली की डोकं तापलं आणि ती बोलून गेली, "टिल्ली, बाबांना विचार, आता कुठलं कर्ज राहिलंय? आणि हेही विचार, कर्ज फिटलं म्हणून भांडी घासणंही फिटलं का?"

"कसली भांडी?" तो टिल्लीकडे न बघता थेट तिलाच म्हणाला.

"कसली म्हणजे? रोज घासून ठेवायचात ती. माझा हात भाजला तेव्हापासूनची."

"मी? मी आयुष्यात भांडं घासलेलं नाही. आणि तूच सांग, तुझ्यासाठी आता एक बिस्किटही महाग झालं का? एवढी वर्षं डब्यावर बिस्किट ठेवायचीस, रात्री गोड खा म्हणून निरोप धाडायचीस. पैसे नव्हते तेव्हा ठेवायचीस, आणि आता असताना हात आखडता?"

"मी कधी बिस्किट ठेवलं? बिस्किटं मी टिल्लीला शाळेत न्यायला..."

तिथेच ती थांबली. तोही थांबला. दोघांनी एकदमच मान वळवली. टिल्ली ताटात बघत होती. कान लाल झाले होते.

"तू घासायचीस भांडी?" बचतबाईनं विचारलं. सातआठ वर्षांची पोर ओट्याला हात पुरावा म्हणून कशावर उभी राहत असेल, हे तिच्या डोळ्यासमोर आलं आणि तिला पुढचं विचारवेना.

"हो."

"आणि ते स्वेटर घाल, भाजी छान झाली, ते?"

टिल्लीनं मान हलवली. कुठली मान, हो की नाही, विचारायची गरज नव्हती.

बचतबाईला रडू आलं नाही, आधी संताप आला. तिला वाटलं, लुटलं आपल्याला कुणीतरी. काकीसमोर मिरवलेलं एक एक वाक्य आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला. "का असं केलंस? खोटं का बोललीस एवढी वर्षं?"

"मग काय सांगणार होते?" टिल्ली म्हणाली. अजूनही तिनं वर पाहिलं नव्हतं. "तुम्ही जे म्हणायचात तेच सांगितलं असतं तर तुम्ही दोघं राहिला नसतात इथे. मला तेव्हा तेवढंच कळत होतं."

"आम्ही असं काय म्हणायचो?" तो म्हणाला. आवाज मऊ करायचा त्यानं प्रयत्न केला, पण सवय नसल्यानं तो घोगराच आला. "सांग. मी काय म्हणायचो?"

टिल्लीनं सांगायला सुरुवात केली, फळ्यासमोर उभं करून पाठांतर म्हणायला लावल्यावर म्हणतात तशी. बाबा म्हणायचे, तिला म्हणावं, घर तिला हवं होतं, मला नको होतं, माझ्या रात्री कशाला जाळतेस. आई म्हणायची, त्यांना म्हणावं, पैसे आणून टाकतात म्हणजे उपकार नाही करत. बाबा म्हणायचे, भाजीत मीठ घालायलाही पैसे पडतात का विचार. आई म्हणायची, ग्रीसचे हात बेसिनमध्ये धुताना दुसऱ्याचा विचार करायला तुझ्या बापाला कुणी शिकवलंच नाही. एकेक वाक्य ज्याचं त्याला ओळखू येत होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. दमलेली माणसं दारात चप्पल घालता घालता असं काहीबाही बोलतात आणि पायरी उतरेपर्यंत विसरतातही. ती दोघं विसरली होती. ज्या पोरीच्या हाती दिलं होतं, ती विसरली नव्हती. तिनं ते सगळं स्वतःकडे ठेवून घेतलं होतं आणि त्या बदल्यात दुसरं, चांगलं काहीतरी पदरचं घालून पुढे दिलं होतं.

"पुरे," बचतबाई म्हणाली. तिचा संताप कधीच ओसरला होता. आता तिला नुसतं थंड वाटत होतं.

"एकच राहिलंय," टिल्ली म्हणाली. "ते सांगून टाकते, म्हणजे माझ्याजवळ काही नको. मी तिसरीत होते. शाळा लवकर सुटली होती त्या दिवशी, मी दार वाजवलं आणि बाबांची झोप मोडली. तेव्हा बाबा म्हणाले, तुझ्या आईला विचार, सांभाळायला वेळ नव्हता तर पोर जन्माला घातली कशाला."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी तुला असं म्हणालो?"

"मला नाही. आईला सांगायला सांगितलं होतंत."

बचतबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाला ती ओळखत नव्हती, हे आता तिला पक्कं कळलं होतं. तोही तिला ओळखत नव्हता. पण त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे होतं, तेच आपल्याही तोंडावर असणार, हे तिला न बघता समजलं.

"मग त्या दिवशी मला तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, बाबा म्हणाले, टिल्ली गुणी पोर आहे."

"आणि मी?" तिला विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "मी काय म्हणाले त्यावर?"

टिल्लीनं पहिल्यांदा मान वर करून आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही नव्हता. निरोप द्यायची तिची एक ठरलेली पद्धत होती, हात मागे बांधून, सरळ बघत, तशीच ती बसली होती.

"तू म्हणालीस, एवढी गुणी आहे तर बाथरूममधला दिवा कुणी चालू ठेवलाय."

तिनं ते, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, आईच्याच आवाजाच्या चालीवर सांगितलं, एकही शब्द न बदलता.